‘तू तठे दिनभर काय करस?’

वाचकाचे पत्र, थोडक्यात : चोपडा तालुक्यातील केळी उत्पादक कुटुंबातील ही मुलगी तेवीस वर्षांची आहे. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात ती महाविद्यालयात पहिली आली, नेट परीक्षेतून तिने कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवली आणि तीन महिन्यांपूर्वी, घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या एका विद्यापीठात ती पीएच.डी.साठी रुजू झाली. केळीवरील करपा या बुरशीजन्य रोगावर काम करायचे, हे तिने आधीपासून ठरवले होते. या तीन महिन्यांत मार्गदर्शक सरांची भेट तीनदाच झाली आणि तिन्ही वेळा ‘वाचत राहा’ यापलीकडे फारसे काही सांगितले गेले नाही. काचसामान धुणे, सूक्ष्मजीव वाढवण्याचे माध्यम तयार करणे, वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह लावणे यांतच दिवस जातो. करप्याची बुरशी पानावरून वेगळी करण्याचा प्रयत्न तिने स्वतःहून चार वेळा केला, चारही वेळा प्लेटमध्ये भलतीच बुरशी माजली आणि एका सीनियरने सर्वांसमोर ‘गावाकडच्या कॉलेजात प्रॅक्टिकल होत नाहीत वाटतं’ असे म्हटले. शुक्रवारची बैठक इंग्रजीत चालते, तिथे ती आजवर एक शब्दही बोललेली नाही. अधिछात्रवृत्तीचे पैसे अजून खात्यात आलेले नाहीत. घरी फोन केला की वडील विचारतात, ‘तू तठे दिनभर काय करस?’ आणि तिला उत्तर सुचत नाही. मैत्रीण गुजरातमधील अंकलेश्वरच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात लागली आहे आणि तिथे आणखी एक जागा आहे. ती विचारते, ‘मॅडम, मी चुकीच्या ठिकाणी आले का? वर्ष वाया जाण्याआधी सोडून द्यावे का? सरांशी बोलले तर त्यांना राग येईल का?’

उत्तर :

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात असे लक्षात आले की, तू प्रश्न तीन विचारले असलेस तरी त्यांच्या तळाशी एकच समज आहे : प्रयोगशाळेत आल्यावर कोणीतरी आपल्याला शिकवील, आणि कोणी शिकवत नसेल तर दोष एक तर त्या जागेत असावा किंवा आपल्यात. त्यामुळे सोडावे की राहावे, याचे उत्तर मी लगेच देणार नाही. आधी ही समज तपासून पाहू, कारण आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार भागातील महाविद्यालयांतून पुढे गेलेल्या अनेक मुलामुलींना पहिल्या सहा महिन्यांत हीच समज छळते.

तुझे आजवरचे प्रॅक्टिकल आठव. मोठ्या टेबलावर सामान मांडलेले असायचे, माध्यम आदल्या दिवशी प्रयोगशाळा सहायकांनी ओतून ठेवलेले असायचे, आणि ग्रॅम रंजनाने, म्हणजे जिवाणू रंगवण्याच्या पद्धतीने, जिवाणू जांभळा दिसणार की गुलाबी, हे प्रयोगाआधीच माहीत असायचे. निकाल चुकला तर शेजारच्या मुलीच्या जर्नलमधून आकडा उतरवून आपण सही घ्यायचो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मी स्वतः जिल्ह्यातील एका महाविद्यालयात कित्येक वर्षे अशा जर्नलांवर सह्या केल्या आहेत, आणि हात वळवण्यासाठी त्या प्रॅक्टिकलचा उपयोग होतोच. पण ती व्यवस्था एका गोष्टीची सवय लावते : प्रयोगाला उत्तर असते, ते शिक्षकांना ठाऊक असते आणि आपले काम तिथवर पोहोचण्याचे असते. तुझ्या सरांना तुझ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नाही. ते ठाऊक असते तर त्यावर पीएच.डी. करण्याचे कारणच उरले नसते. म्हणून तिथे कोणी धडा घेत नाही. शेजारी उभे राहून, बघून, विचारून आणि चुकून शिकायचे असते. आपल्याकडे सुताराचा किंवा सोनाराचा मुलगा जसा दुकानात बसून काम शिकतो, त्याच्या जवळची ही गोष्ट आहे. हे कोणी तुला पहिल्या दिवशी सांगितले नाही, ही मात्र त्या प्रयोगशाळेची चूक आहे, तुझी नाही.

आता काचसामानाविषयी. तुझ्या पत्रात सर्वांत जास्त दुखावलेला स्वर इथे आहे, म्हणून मीही इथे थोडी थांबते. माझ्या संशोधनाच्या दिवसांत एकदा दोन महिने माझे जिवाणू नीट वाढेनात. कधी वाढत, कधी एकाच रॅकमधल्या दहा नळ्यांपैकी तीन नळ्या नितळ राहत. मी माध्यम बदलले, तापमान बदलले, कल्चर नव्याने मागवले. शेवटी विभागातल्या एका वयस्क सहायकांनी माझ्यासमोर एक नळी पाण्याने भरून उपडी केली आणि उजेडात धरली. काच स्वच्छ असेल तर पाणी तिच्यावरून अखंड पातळ पापुद्र्यासारखे उतरते. माझ्या नळीच्या आतल्या अंगाला मात्र पाण्याचे थेंब जागोजागी चिकटून राहिले होते. म्हणजे काचेला चिकट काहीतरी शिल्लक होते, आणि नळ्या घाईने धुतल्या गेल्यामुळे साबणही नीट निघाला नव्हता. साबणाचा तेवढा अंश जिवाणूंची वाढ अडवायला पुरेसा होता. माझे दोन महिने त्या नळ्यांनी खाल्ले होते. त्यानंतर कोणत्याही नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्यांदा नळी धुवून उजेडात धरायला लावत असे.

तेव्हा धुणे, माध्यम तयार करणे आणि ऑटोक्लेव्ह लावणे ही कामे संशोधनाच्या बाहेरची आहेत, असे समजू नकोस. तू पाच वर्षांनी प्रबंधात जो आकडा लिहिशील, तो या कामांवर उभा असेल.

तरीही एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो तूच स्वतःला विचारायचा आहे : ही कामे पाळीने सर्वांकडे जातात का, की नव्या मुलीच्या गळ्यात कायमची बांधली गेली आहेत? दोन आठवडे एका कागदावर टिपून ठेव : कोणत्या दिवशी कोणी धुतले, कोणी माध्यम केले, कोणाचे केले. सीनियरही आपापले धूत असतील आणि तू सामायिक कामातला वाटा उचलत असशील, तर ती शिकाऊपणाची रीत झाली. चार जणांचे सामान रोज तूच धूत असशील आणि त्या चौघांपैकी कोणी तुला आपल्या प्रयोगाशेजारी उभे करत नसेल, तर तो तुझ्या वेळेचा गैरवापर आहे. तेव्हा सरांकडे जाऊन ‘कामाची पाळी लावू या का, मी तक्ता करून आणते’ एवढेच म्हण. तक्रारीपेक्षा तक्ता लवकर मान्य होतो, असा माझा अनुभव आहे.

चार वेळा प्लेट बिघडल्याचे तू अपयश म्हणून लिहिले आहेस. मला ते पत्रातले सर्वांत आशादायक वाक्य वाटले, कारण कोणीही न सांगता तू चार वेळा प्रयत्न केलास. फक्त त्या प्लेटमध्ये काय दिसले, हे तू लिहिलेले नाहीस, आणि मला शंका आहे की वहीतही लिहिले नसावे. बिघडलेली प्लेट फेकण्याआधी ती वाचायची असते. काहीही न लावलेल्या, नुसत्या माध्यमाच्या प्लेटमध्येही बुरशी आली असेल, तर दोष माध्यमात किंवा निर्जंतुकीकरणात आहे. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबावर १५ मिनिटे हे आपण पाठ केलेले असते. पण लिटरभर माध्यमाचा फ्लास्क आतपर्यंत तापायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि भांडे खच्चून भरले किंवा आतली हवा पुरती बाहेर गेली नाही, तर दाबाचा काटा बरोबर दिसत असूनही आतले तापमान कमी राहते. नुसती प्लेट स्वच्छ राहिली आणि तुकडे ठेवलेल्या प्लेटमध्ये वाढ तुकड्यांपासून दूर, कडेला किंवा मधेच आली, तर हवा आणि हाताळणी तपासायची. वाढ नेमकी पानाच्या तुकड्याभोवतीच आली, तर ती पानावरूनच आलेली आहे, म्हणजे पृष्ठभागाचे निर्जंतुकीकरण अपुरे पडले. पानाचे तुकडे सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणातून काढल्यावर निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतेस ना? त्यातले शेवटचे पाणीही थोडे प्लेटवर पसरून बघ, म्हणजे तुझे धुणे किती पुरे पडले हे कळेल.

आणखी एक गोष्ट, जी तुला तिथल्या कोणीतरी सांगायला हवी होती. करप्याची बुरशी कृत्रिम माध्यमावर फार हळू वाढते. वाळलेल्या डागावर हवेतून येऊन बसलेल्या इतर बुरशी दोन-तीन दिवसांत प्लेट व्यापतात आणि तुला हवी असलेली बुरशी त्यांच्याखाली दबून जाते. म्हणून या रोगावर काम करणारे लोक पुष्कळदा डागाचा तुकडा थेट माध्यमावर ठेवत नाहीत. रोगट पानाचे तुकडे ओले करून प्लेटच्या झाकणाला आतून लावतात, त्यातून उडणारे बीजाणू समोरच्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या घट्ट माध्यमावर, धरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बीजाणू उचलून नव्या प्लेटवर नेतात. नवख्या हाताला हे पहिल्यांदा जमत नाही. चार वेळा फसणे हा या बुरशीचा स्वभाव आहे, चोपड्याच्या महाविद्यालयाचा नाही. त्या सीनियरला हे माहीत असूनही तो तसे बोलला असेल तर ते वाईटच. माहीत नसेल, तर पुढच्या शुक्रवारी बैठकीत सांगायला तुझ्याकडे काहीतरी आहे.

वही आजपासून बदल. बांधीव, पानांवर क्रमांक टाकलेली, शाईने लिहिलेली. पान फाडायचे नाही, चुकले तर एक रेघ मारून पुढे जायचे. तारीख, माध्यम कोणत्या दिवशी कोणी केले, रसायनाच्या बाटलीवरचा बॅच क्रमांक, किती वेळ, किती तापमान, आणि काय दिसले. ‘काही आले नाही’ हेही लिहायचे. महाविद्यालयातल्या जर्नलमध्ये आपण निकाल बरोबर असल्याचे दाखवत होतो. या वहीत जे झाले तेच लिहायचे असते, मग ते कितीही लाजिरवाणे असो. पुढे कधी आकड्यांवर वाद झाला, किंवा शोधनिबंधात कोणाचे नाव कुठे, हा प्रश्न आला, तर हीच वही तुझ्या बाजूने बोलेल. फोटो काढून दर आठवड्याला दुसरीकडे जपून ठेव, पण मूळ वही प्रयोगशाळेची असते हेही लक्षात असू दे.

आता सरांविषयी. तीन महिन्यांत तीन भेटी या कमी आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ तू नाराजी असा लावला आहेस, त्याला पत्रात काही आधार सापडला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठपर्यंत, सहयोगी प्राध्यापकाला सहापर्यंत आणि सहायक प्राध्यापकाला चारपर्यंत पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. आठ जणांना आठवड्याला प्रत्येकी एक तास द्यायचा म्हटले तरी एक पूर्ण दिवस गेला, आणि त्याशिवाय एम.एस्सी.चे तास, परीक्षा, समित्या, प्रकल्पाचे अहवाल. अशा माणसाकडे जो विद्यार्थी काही घेऊन जातो त्याला वेळ मिळतो, आणि जो दारात उभा राहून बोलावण्याची वाट बघतो तो मागे राहतो. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. आपल्या घरांत मोठ्यांनी विचारल्याशिवाय बोलू नये, हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो, आणि मुलींनी तर ते दुप्पट शिकलेले असते. गावाकडून आलेली हुशार मुले इथेच मागे पडतात, बुद्धीत नव्हे.

म्हणून पुढच्या सोमवारी सरांना एक छोटा मेल पाठव : ‘सर, मला या आठवड्यात वीस मिनिटे हवी आहेत. चार प्लेट का बिघडल्या याविषयी माझा अंदाज आणि पुढच्या महिन्याचा आराखडा दाखवायचा आहे.’ आणि जाताना एकच पान ने. त्यावर काय केले, काय दिसले, पुढे काय करावेसे वाटते आणि एक नेमका प्रश्न, इतकेच. ‘मी काय करू?’ असा प्रश्न विचारू नकोस, त्याला ‘वाचत राहा’ असेच उत्तर मिळते. ‘बीजाणू झाकणावरून घेण्याची पद्धत वापरून बघू का, आणि ती इथे कोणाला येते?’ असे विचारलेस तर उत्तरात एक नाव आणि एक तारीख मिळेल. असे पान दर पंधरा दिवसांनी देत राहा, ते वाचले जाते की नाही याची पर्वा न करता. चार पाने झाल्यावर सरांच्या मनातली तुझी ओळख बदललेली असेल.

राग येईल का? वीस मिनिटे मागितल्याचा राग येणारा मार्गदर्शक असू शकतो, आणि तो तसा निघाला तर ते तिसऱ्या महिन्यात कळलेले तिसऱ्या वर्षात कळण्यापेक्षा बरे. पण बहुतेकांना बरेच वाटते.

‘वाचत राहा’ याविषयीही दोन शब्द. वाचन म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत पाठ्यपुस्तकासारखा वाचू नकोस. आधी आकृत्या आणि तक्ते, मग पद्धती, मग बाकीचे. आणि प्रत्येकाखाली वहीत तीन ओळी, त्यांनी काय विचारले, कसे तपासले आणि मला कुठे शंका आली. तुझ्या सरांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मिळण्याची चांगली शक्यता आहे. ते आधी वाच. त्यातल्या पद्धतींच्या प्रकरणात तुझ्या प्रयोगशाळेत गोष्टी प्रत्यक्षात कशा केल्या जातात, हे सापडेल. सीनियरला दहा प्रश्न विचारण्याऐवजी मग दोनच विचारावे लागतील, आणि ते दोन चांगले असतील.

शुक्रवारच्या बैठकीबद्दल तू लाजून लिहिले आहेस. इंग्रजीत सलग बोलता येत नाही म्हणून विज्ञान येत नाही, असे तुला तिथे कोणी भासवत असेल तर ते मनावर घेऊ नकोस, पण इंग्रजी टाळूही नकोस, कारण शोधनिबंध त्याच भाषेत लिहायचे आहेत. गुरुवारी रात्री दोन वाक्ये लिहून ठेव, एक प्रश्न आणि एक निरीक्षण, आणि बैठकीच्या पहिल्या दहा मिनिटांत ती बोलून टाक. उशीर केला की धीर जातो. विचार मराठीत किंवा अहिराणीत केलास तरी काही बिघडत नाही. त्या सीनियरच्या वाक्याबद्दल मात्र, ते पुन्हा बोलले गेले तर तिथेच, शांतपणे सांग की मला पद्धत दाखवा, गावाचा विषय काढू नका.

आता तुला काय मिळायलाच हवे, तेही स्पष्ट लिहिते, कारण सहन करणे आणि शिकणे यांतला फरक कळला पाहिजे. त्याच २०२२ च्या विनियमांनुसार तुझ्यासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते, आणि दर सत्रात तिच्यासमोर प्रगतीचे सादरीकरण करायचे असते. ती समिती केवळ तुझी परीक्षा घेणारी नसते, तुझी अडचण ऐकणारीही असते. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. पीएच.डी.चा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत देता येते. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावे लागले, तर महिला संशोधकाला आपले संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येते, अर्थात त्याला अटी आहेत. घरी स्थळांचा विषय निघाला की पुष्कळ मुली ‘आता पीएच.डी. सुटणार’ असे गृहीत धरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. ज्या रसायनाला हात लावायचा त्याचे धोके आधी समजावून सांगितले जाणे, हातमोजे आणि चष्मा मिळणे, रात्री प्रयोगशाळेत एकटीने काम करावे लागणार असेल तर कोणाला फोन करायचा हे माहीत असणे, हेही तुझे हक्क आहेत, उपकार नव्हेत.

आणि या गोष्टी मात्र एक दिवसही शिकाऊपणाच्या नावाखाली स्वीकारायच्या नाहीत : अधिछात्रवृत्तीतून पैशांची मागणी, घरगुती कामे, न मिळालेला आकडा लिहिण्याचा आग्रह, तुझ्या कामावरून तुझे नाव काढणे, आणि अंगचटीला येणे किंवा तसे बोलणे. शेवटच्या बाबतीत २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते आणि घटनेपासून साधारण तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, म्हणून वाट बघत बसू नये. बाकीच्या बाबतींत सल्लागार समिती, विभागप्रमुख आणि पीएच.डी. विभाग असा क्रम आहे, आणि मार्गदर्शक बदलून मागता येतो. तुझ्या पत्रात यांतले काहीही नाही, हे मी लक्षपूर्वक पाहिले. तरीही हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असू शकते, म्हणून लिहिले.

पैशांचे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे, आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ झाल्यावर ४२,०००. पण पहिली रक्कम कागदपत्रांची फेरी पूर्ण होऊन हाती पडायला महिने लागतात, आणि हे कोणी आधी सांगत नाही. विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन तुझी फाइल नेमकी कोणत्या टेबलावर आहे, हे विचार. दर महिन्याचे उपस्थितीचे प्रमाणपत्र वेळेवर भरले जाते का, ते बघ. महाज्योती, सारथी किंवा बार्टीच्या अधिछात्रवृत्तीवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीही निदान सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज करूनच घर सोडावे. केळीचा भाव पडलेल्या वर्षी घरून पैसे मागवणे किती जड जाते, हे आपल्या भागात सांगायला नको.

अंकलेश्वरच्या नोकरीचा विचार तू अपराधी वाटून केला आहेस, तसा करू नकोस. गुणवत्ता नियंत्रणातले काम प्रामाणिक आणि कौशल्याचे आहे, माझ्या काही उत्तम विद्यार्थिनी तिथे आहेत आणि समाधानी आहेत. प्रश्न एवढाच आहे की, तू तिकडे कशासाठी जाशील. ठरावीक वेळ, ठरलेली पद्धत आणि महिन्याला पगार हे तुला खरोखर हवे असेल, तर जा आणि मागे वळून बघू नकोस. पण चार प्लेट बिघडल्या आणि एकाने टोमणा मारला म्हणून जाशील, तर तिथे पहिला बॅच नापास झाल्यावर पुन्हा हेच पत्र लिहिशील. माझे मत विचारतेस तर, सल्लागार समितीसमोरच्या पहिल्या सादरीकरणापर्यंत थांब. तोवर वर लिहिलेले सगळे करून बघ : वही, पंधरवड्याचे पान, पाळीचा तक्ता, सरांची वीस मिनिटे. इतके करूनही सर भेटत नसतील, कोणी पद्धत दाखवत नसेल आणि विषय ठरत नसेल, तर आधी मार्गदर्शक किंवा प्रयोगशाळा बदलता येते का ते पाहा, आणि मग नोकरी. सोडण्याआधी अधिछात्रवृत्तीचे आणि नोंदणीचे काय होईल, हे कार्यालयाकडून लेखी घे.

ज्यांनी अजून प्रवेश घेतलेला नाही, त्यांच्यासाठी एवढेच : प्रयोगशाळा निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी त्या खोलीतील माणसे बघा. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाहेर चहाच्या टपरीवर भेटा आणि विचारा की सर किती दिवसांनी भेटतात, रसायने मागवली की किती दिवसांत येतात, आधीच्यांना किती वर्षे लागली, आणि कोणी मधेच सोडून गेले का. शेवटच्या प्रश्नाला तो थोडा वेळ गप्प राहिला, तर त्या शांततेचीही नोंद घ्या. पदवीत ‘आविष्कार’ या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेसाठी किंवा एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी काही महिने खऱ्या प्रयोगशाळेत घालवता आले तर ते जरूर घालवावेत. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्तीतही आठ आठवडे असे राहता येते. धुतलेल्या नळ्या आणि बिघडलेल्या प्लेट यांची तिथेच ओळख झाली, तर पुढे त्यांचे इतके ओझे वाटत नाही.

राहिला तुझ्या वडिलांचा, नानांचा प्रश्न. त्यांच्या विचारण्यात तू अविश्वास वाचला आहेस. मला त्यात कुतूहल दिसते. ज्या माणसाने करप्यासाठी दर पावसाळ्यात पाने कापली, तेल आणि बुरशीनाशक फवारले, त्याची मुलगी त्याच रोगावर काम करायला गेली आहे आणि ती काय करते हे त्याला कळत नाही, तर तो विचारणारच. फोनवर त्यांना बिघडलेल्या प्लेटचा फोटो पाठव. सांग की हा करपा नाही, दुसरीच बुरशी आहे, आणि आपल्या शेतातला करपा हिच्या गर्दीतून वेगळा काढायचे काम चालू आहे. रोगाचे ‘सिगाटोका’ हे इंग्रजी नाव फिजीतल्या एका नदीच्या खोऱ्यावरून पडले आहे, हेही त्यांना सांग. त्यांना ते आवडेल.

आणि त्यांच्याकडून एक काम मागून घे. सरांची परवानगी असेल तर पुढचे नमुने आपल्याच बागेतून मागव. बारीक पिवळट रेघा नुकत्या दिसू लागलेले एक पान आणि डाग वाळून राखाडी झालेले एक पान, दोन्ही सकाळी दव वाळल्यावर कापायची, ओल टिपून वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घालायची आणि पाकिटावर पेन्सिलने तारीख, वाण, झाडाचे वय आणि शेवटची फवारणी केव्हा व कशाची झाली, हे लिहायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, असे त्यांना दोनदा बजाव. रात्रभरच्या प्रवासात पिशवीला आतून पाणी सुटते आणि पान तुझ्यापर्यंत पोहोचेतो सडून जाते.